गढूळ बॅग उद्यावर ढकलू नका

पोटाचं डायलिसिस चालू असलेल्या प्रत्येक घरात भिंतीवर एक ओळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी: पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं, की आधी डायलिसिसच्या सिस्टरना फोन; गोळी, काढा आणि जवळचा दवाखाना त्यानंतर. आमच्या घरात ती ओळ आहे. ती का लिहावी लागली, ते सांगते.

आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. मी शिवणकाम करते. मधुमेहापायी माझी मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. त्यासाठी दर वेळी चिपळूण गाठायचं, म्हणजे अख्खा दिवस गेला. दुसरा, घरच्या घरी पोटातून डायलिसिस. आम्ही दुसरा निवडला. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. दोन लिटरच्या बॅगमधलं पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास आत राहू द्यायचं, मग ते काढून नवीन भरायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. पोटाच्या आतलं पातळ आवरण गाळणीचं काम करतं आणि रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मला हे छान मानवलं. मशीन बंद पडली नाही.. म्हणजे शिलाईची.

मग एका पावसाळ्यात सकाळपासून पोटात दुखायला लागलं. निघालेलं पाणी एरवी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. त्या दिवशी ते गढूळ होतं. ताप नव्हता. पावसाने रस्त्याचे हाल होते, म्हणून ह्यांनी मला जवळच्या दवाखान्यात नेलं. डायलिसिस केंद्रातून मिळालेलं कार्ड ह्यांनी डॉक्टरांपुढे धरलं. त्यावर ‘गढूळ पाणी दिसल्यास ताबडतोब कळवा’ असं स्पष्ट छापलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, “पित्त आहे, थोडं इन्फेक्शनही असेल. ह्या कॅप्सूल घ्या, दोन दिवस बघू.” दुसऱ्या दिवशी दुखणं असह्य झालं, तेव्हा आम्ही थेट केंद्र गाठलं.

तिथे त्या पाण्याचा नमुना तपासला. एका घन मिलिमीटरमध्ये 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल प्रकारच्या निघाल्या, तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आवरणाचं इन्फेक्शन आहे असं धरतात. माझ्या पेशी कितीतरी जास्त होत्या. पण कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, जंतू वाढलाच नाही. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं: आधी पोटात गेलेल्या कॅप्सूलनी जंतू अर्धवट दबले होते. इन्फेक्शन संपण्याइतके नाही, पण प्रयोगशाळेत सापडू नयेत इतके. जंतूचं नाव कळलं असतं तर नेमकं औषध निवडता आलं असतं. ते कळलं नाही, म्हणून वेगवेगळ्या जंतूंवर चालणारी दोन अँटिबायोटिक्स बॅगच्या पाण्यातूनच पोटात सोडावी लागली. इन्फेक्शन कुठून आलं, तेही त्यामुळे कायमचं अंधारात राहिलं.

माझी नळी वाचली. सगळ्यांची वाचत नाही. योग्य औषध चालू असूनही पाच दिवसांत पाणी निवळलं नाही, तर नळी काढण्याचा निर्णय बहुधा घ्यावा लागतो. बुरशीचं इन्फेक्शन असेल तर वाटही बघत नाहीत, लगेच काढतात. मग मशीनवर जावं लागतं. पुन्हापुन्हा इन्फेक्शन झालं तर पोटाचं आवरण जाड होऊन पाणी नीट निघेनासं होतं. काही रुग्ण यातून दगावतातही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2022 मध्ये ठरवून दिलेलं उद्दिष्ट असं आहे की केंद्रातल्या दर रुग्णामागे वर्षाला सरासरी 0.4 पेक्षा जास्त वेळा पेरिटोनायटिस होऊ नये. म्हणजे एका रुग्णाला अडीच वर्षांत फार तर एकदा. आपलं केंद्र कुठे आहे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

जंतू मुख्यतः तीन वाटांनी येतात. पहिली वाट नळीच्या जोडाची. आमच्याकडे पाहुणे विचारतात, “मातीचं घर, कसं जमतं?” घर मातीचं की फरशीचं, याने फारसा फरक पडत नाही. जोड उघडा असतो त्या काही क्षणांत काय होतं, यावर सगळं आहे. त्या वेळी दार-खिडकी बंद, पंखा बंद, मास्क तोंडावर. मदतीला असलेल्यानेही मास्क लावायचा. हात साबणाने घासून धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. ओल्या हाताला जंतू जास्त चिकटतात. टोकाला बोट लागता कामा नये. नवी बॅग जोडल्यावर थोडं पाणी आधी निचऱ्याच्या बॅगेत वाहू द्यायचं आणि मगच पोटात सोडायचं, म्हणजे जोडापाशी जंतू असलाच तर वाहून जातो. नळीच्या टोकाची टोपी दर वेळी नवी. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हाही खोलीचं दार लावून घ्यायला संकोचू नये.

टोक कशाला लागलं किंवा टोपी गळून पडली, तर चिमटा लावून नळी बंद करायची आणि फोन करायचा. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून बॅग भरून टाकायची नाही. नळीचं जोडणीचं टोक बदलून, गरज वाटली तर औषध देऊन केंद्र पुढचं इन्फेक्शन टाळू शकतं.

बॅग कोमट करायला आमच्याकडे बंबाच्या गरम पाण्यात बुडवायचा मोह होतो. तसं करू नये; त्या पाण्यातून जंतू जोडावर येतात. कोरडी ऊब द्यावी, त्यासाठी गरम पॅड मिळतात. बॅगांची खोकी ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. वापरण्याआधी मुदत बघावी आणि बॅग दाबून कुठे गळते का तेही बघावं.

दुसरी वाट नळी जिथे पोटातून बाहेर येते त्या छिद्राची. ते रोज बघायचं: लाली, सूज, दुखणं, पू. डॉक्टरांनी दिलेलं म्युपिरोसिनसारखं मलम रोज लावायचं, बरं वाटतं म्हणून बंद करायचं नाही. नळी टेपने पोटाला नीट चिकटवायची, ओढ बसता कामा नये. बायकांनी परकराची नाडी त्या जागेवर येऊ देऊ नये. मी नाडी वर बांधते. तळ्यात, नदीत, विहिरीत उतरणं बंद. मांजराला त्या खोलीत थारा नको. नळीला दात किंवा नख लागलं तर त्याच्या तोंडातले जंतू थेट पोटात जातात.

तिसरी वाट आपल्याच आतड्यांची, आणि हिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बद्धकोष्ठ झालं की आतड्यातले जंतू आवरणात उतरण्याची शक्यता वाढते. पोट रोज साफ व्हायला हवं. रक्तातलं पोटॅशियम फार कमी झालं तरी आतडी मंदावतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. दात काढायचा असेल, कोलोनोस्कोपी किंवा गर्भाशयाची तपासणी करायची असेल, तर किडनीच्या डॉक्टरांना आधी विचारायचं. ते त्याआधी अँटिबायोटिक देतात. आणि कोणत्याही कारणाने अँटिबायोटिक सुरू झालं तरी त्यांना कळवायचं, कारण त्या काळात बुरशी वाढू शकते आणि ती रोखायला वेगळं औषध द्यावं लागतं.

पाणी गढूळ आहे की नाही, हे ओळखायला बॅगखाली वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली नाहीत, तर गढूळ. दुखत नसलं तरी गढूळ ते गढूळच. काही वेळा कारण इन्फेक्शनपेक्षा वेगळंही असतं, पण ते ठरवणं आपलं काम नाही. ती बॅग फेकू नका; बंद करून सोबत न्या, नमुना त्यातूनच घेतात. रात्र असेल तर रात्रीच फोन करा.

शेवटी गावोगावच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. पोटाला नळी असलेला रुग्ण पोटदुखी घेऊन आला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत त्याला पेरिटोनायटिसच आहे असं धरा. चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहिण्याआधी त्याच्या केंद्राला एक फोन लावा. नमुना घ्यायला काही मिनिटं लागतात, आणि तो एकदा घेतला की औषधाला क्षणाचाही उशीर करू नका.