नळाला पाणी आले की मोरी का तुंबते?

प्रश्न : आमच्या घरी नळाला पाणी येते, नेमक्या त्याच दिवशी मोरीतून ड्रेनेजचे घाण पाणी वर येते. एरवी त्रास नसतो. असे का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : दोष पाण्याच्या दिवसाचा नाही, मधल्या दिवसांचा आहे. ड्रेनेजमधला गाळ वाहून जायला पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. सोलापुरात उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून मधे आपण ते जपून वापरतो. पाइपातून बारीक धार वाहते. खरकटे, तेल, केस तळाशी बसतात. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांत सुताचे तुकडेही असतात, आणि तेलात गुंतलेले सूत सहजी सुटत नाही. मग पाणी आले की सारी गल्ली एकदम धुण्याला बसते. आकसलेल्या पाइपात एवढे पाणी मावत नाही आणि ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या मोरीतून, उलटे येते.

प्लंबरला बोलावण्याआधी चेंबरचे झाकण उघडून पाहा. घराचे चेंबर भरलेले आणि रस्त्याचे वाहते असेल, तर अडथळा तुमच्याच पाइपात आहे. तो बांबूच्या लांब पट्टीने किंवा स्प्रिंगने निघतो. रस्त्याचेही भरलेले असेल, तर घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. महापालिकेकडे तक्रार करा आणि जेटिंग मशीन मागवा. वरचेवर तुंबत असेल तर उतार तपासा : चार इंची पाइपाला दर चाळीस फुटांना एक फूट उतार हवा. गच्चीचे पावसाचे पाणी ड्रेनेजला जोडलेले असेल, तर ते आधी तोडा. मोरीला जाळी बसवा, कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका. ॲसिड ओतू नका. त्याने सिमेंटचे चेंबर झिजते, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रस्त्याच्या चेंबरमध्ये मात्र कुणालाही उतरवू नका, तो स्वतः तयार असला तरीही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही जातो. सुरक्षा साधनांविना असे काम करून घेणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. ड्रेनेजमध्ये मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितले. मशीन यायला दोन दिवस लागले, तरी थांबा.