जपानने पश्चिमेकडून काय घेतले? पाव, पुस्तक आणि काळी जहाजे

पाश्चात्य संस्कृतीचा प्रभाव म्हटलं की आपल्याला लगेच जीन्स, पिझ्झा आणि वाढदिवसाचा केक आठवतो. निबंध आला की 'चांगले परिणाम' आणि 'वाईट परिणाम' असे दोन रकाने करून आपण मोकळे होतो. आज तसं न करता एकाच देशाची गोष्ट नीट बघू या. हा देश युरोपची वसाहत कधीच झाला नाही, तरी पश्चिमेमुळे आतून-बाहेरून बदलला. तो देश म्हणजे जपान.

सुरुवात 1543 साली झाली. तानेगाशिमा नावाच्या बेटावर पोर्तुगीज लोक उतरले, त्यांच्याकडे बंदुका होत्या. जपानी कारागिरांनी थोड्याच काळात तशा बंदुका बनवायला सुरुवात केली. 1549 मध्ये गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोहोचले. हो, तेच, ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात आहे. पोर्तुगिजांबरोबर शब्दही आले. आपण ज्याला 'पाव' म्हणतो त्याला जपानी माणूस 'पान' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत. हे सांगितलं की वर्गात हमखास प्रश्न येतो, "मॅडम, मग वडापाव आपला की त्यांचा?" यावर मुलांना भांडू द्यावं, मजा येते.

पुढे जपानच्या राज्यकर्त्यांना, म्हणजे शोगुनांना, भीती वाटू लागली की धर्मप्रसारकांच्या मागोमाग परक्यांची सत्ता येईल. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. ख्रिस्ती झालेल्या जपानी लोकांचा फार छळ झाला. 1639 मध्ये पोर्तुगिजांना हाकललं. पाठ्यपुस्तकात 'जपानने दारे बंद केली' असं एक वाक्य असतं, पण ते पूर्ण खरं नाही. चीन आणि कोरियाशी व्यापार चालूच होता. युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरात देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटावर राहायची परवानगी होती.

या फटीतूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत आली: पुस्तकं. 1720 मध्ये शोगुन योशिमुने यांनी धर्माशी संबंध नसलेल्या परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली. पुढे 1771 साली सुगिता गेनपाकु आणि माएनो र्योताकु हे दोन वैद्य एदो (आजचं टोकियो) इथल्या वधस्थळावर एका मृतदेहाचं विच्छेदन बघायला गेले. हातात शरीरशास्त्राचं एक डच पुस्तक होतं. जुन्या चिनी वैद्यकग्रंथांतली चित्रं समोरच्या शरीराशी जुळेनात, डच पुस्तकातली मात्र तंतोतंत जुळली.

इथे थोडं थांबा. शरीर उघडून अवयव कोण दाखवत होतं? समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला नव्वद वर्षांचा एक म्हातारा. तरुणपणापासून तो हेच काम करत होता. काळीज कुठे, मूत्रपिंड कुठे, हे त्याला हाताने माहीत होतं. विद्वान वैद्यांनी मात्र त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणजे काही ज्ञान पश्चिमेकडून यायच्या आधीच घरात होतं, फक्त त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. मला या प्रसंगातली हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

घरी परतताना त्यांनी ठरवलं की हे पुस्तक जपानीत आणायचं. आता गंमत बघा, डच भाषा त्यांना जवळजवळ येतच नव्हती! माएनो यांना थोडे शब्द ठाऊक होते, तेवढंच. नाकाच्या वर्णनातला एक शब्द अडला. सुगिता म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत सांगतात की झाडाची फांदी तोडल्यावर तिथे तो होतो आणि अंगण झाडल्यावर कचऱ्याचा तो होतो, एवढाच खुलासा मिळाला. विचार करून करून त्यांनी अर्थ लावला, 'उंचवटा'! असं अडखळत तीन वर्षं काम चाललं आणि 1774 मध्ये 'काइताई शिनशो' हे पुस्तक निघालं. मज्जातंतूसाठी जपानीत शब्दच नव्हता, तो त्यांनी घडवला. तो आजही वापरात आहे.

आता 1853. आपल्याकडे 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या खाडीत शिरला. जपानी लोक त्यांना 'काळी जहाजे' म्हणू लागले. पुढच्या वर्षी तो जास्त जहाजं घेऊन आला. भेट म्हणून आगगाडीचं एक छोटं, पण खरंखुरं वाफेवर चालणारं मॉडेल आणलं होतं. डब्यात माणूस मावत नव्हता, तर जपानी अधिकारी टपावर बसून फिरले! भेटवस्तू आणि तोफा एकाच जहाजातून आल्या, हे लक्षात ठेवा. 1858 च्या तहाने अमेरिकन माणसाने जपानमध्ये गुन्हा केला तर खटला अमेरिकन वकिलातीत चालणार आणि आयातीवरचा करसुद्धा जपान स्वतःच्या मनाने ठरवू शकणार नाही, असं ठरलं. युरोपीय देशांनीही असेच तह करून घेतले. म्हणून त्यांना असमान तह म्हणतात.

1868 मध्ये सम्राट मेइजींच्या नावाने नवं सरकार आलं आणि बदलांचा सपाटाच लागला. 1871 च्या शेवटी मंत्री इवाकुरा यांच्या नेतृत्वाखाली एक मोठं शिष्टमंडळ अमेरिका-युरोप बघायला निघालं. 1872 मध्ये शिक्षणाचा कायदा आला, रेल्वे धावली. 1873 पासून पाश्चात्य दिनदर्शिका सुरू झाली. त्यामागे एक हिशेबही होता: जुन्या पंचांगाप्रमाणे त्या वर्षी अधिक महिना येत होता आणि नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते.

हे सगळं लोकांना आवडलं असं मुळीच नाही. शाळेचा खर्च गावावर पडायचा, शेतात राबणारं पोर शाळेत जायचं. 1873 मध्ये काही भागांत चिडलेल्या शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. दुसरीकडे मोरी आरिनोरी यांच्यासारखा अधिकारी इंग्रजीच स्वीकारू या असं म्हणत होता. ते मान्य झालं नाही. निशी आमाने यांच्यासारख्या विद्वानांनी 'तत्त्वज्ञान' वगैरे कल्पनांसाठी नवे शब्द घडवले, आणि पुढे त्यातले बरेच चीननेही उचलले.

त्या शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेत शिकायला गेल्या. सगळ्यात धाकटी त्सुदा उमेको फक्त सहा वर्षांची! 1882 मध्ये ती परतली तेव्हा मातृभाषा विसरली होती. तिने 1900 मध्ये मुलींसाठी शाळा काढली. 1901 मध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ निघालं. त्याची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, मातृभाषेतून शिकवणारं. म्हणजे पश्चिमेची कल्पना आपल्याकडे पूर्वेकडूनसुद्धा आली.

पण जपान आणखीही एक गोष्ट शिकला. 1875 मध्ये त्याने आपली युद्धनौका कोरियाच्या किनाऱ्यावर पाठवली आणि 1876 मध्ये कोरियावर तसाच असमान तह लादला, जसा अठरा वर्षांपूर्वी स्वतःवर लादला गेला होता. 1910 मध्ये कोरिया गिळंकृतच केला. उत्तरेकडच्या ऐनू लोकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या मुलांना शाळेत जपानीतूनच शिकावं लागलं.

उपक्रम: वहीत 1853 ची काळी जहाजे आणि 1875 ची जपानी युद्धनौका यांची गोष्ट शेजारी-शेजारी लिहा. पहिली जपानी मुलाच्या तोंडून, दुसरी कोरियन मुलाच्या तोंडून. नंतर दोन्ही वर्गात मोठ्याने वाचा.