पदवीनंतर पुढे काय? : अभियांत्रिकी, तंत्रज्ञान व आरोग्य क्षेत्रांतील संशोधनाच्या वाटा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेचा गौरव आपण दर जयंतीला करतो. परंतु ती विद्वत्ता कोणत्या पैशावर उभी राहिली, याचा हिशोब आपण क्वचितच मांडतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. ही पदवी मिळविली. तो प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता.

शिष्यवृत्ती, स्वतःची शिल्लक आणि कर्ज हे तीन मार्ग त्यांनी वापरले. पदवी हातात आली म्हणजे शिक्षण संपले, असे त्यांनी मानले नाही. आज आपल्या मुलामुलींपुढे यापेक्षा कितीतरी अधिक मार्ग खुले आहेत. पण त्यांची माहिती वेळेवर घरात पोहोचत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या वस्तीचे चित्र

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्यांना स्टेशन रोडवरील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय नवीन नाही. १९६० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या फाटकावरून आपण रोज जातो-येतो. जवळच शासकीय तंत्रनिकेतन आहे. पलीकडे नागसेनवनात १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. ते सुरू झाले तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. मिलिंद महाविद्यालय हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी समाजाला १४ जानेवारी १९९४ पर्यंत झगडावे लागले. त्या नावासाठी कितीजणांनी घरेदारे आणि प्राण गमावले, हे येथील ज्येष्ठांना सांगायला नको.

ज्या विद्यापीठाच्या नावासाठी एवढे मोल दिले, त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत आपली मुले किती आहेत, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. आपल्या वडिलांच्या पिढीने मजुरी केली, आमच्या पिढीने कचेऱ्यांत व कारखान्यांत नोकऱ्या धरल्या, आणि आता घरोघरी एखादा इंजिनिअर, फार्मसीवाला, नर्सिंगची मुलगी आहे. ही प्रगती खरी आहे. मात्र बी. ई. झाले की वाळूजच्या एखाद्या कंपनीत मिळेल त्या पगारावर चिकटायचे, येथेच बहुतेकांची गाडी थांबते.

आम्ही बँकेत कारकून. मागे एका गृहस्थांनी मुलाच्या एम. टेक.साठी कर्जाचा अर्ज आमच्यासमोर ठेवला. मुलगा गेट परीक्षा उत्तीर्ण होता. आम्ही सहज विचारले, "दादा, याला दरमहा विद्यावेतन मिळेल, ते धरून आकडा काढलात का?" बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शिकण्यासाठी सरकार पैसे देते हे दोघांनाही ठाऊक नव्हते. अर्जावरची रक्कम त्याच दिवशी निम्म्यावर आली. अज्ञानावरही व्याज भरावे लागते, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

संशोधन म्हणजे काय?

संशोधन म्हणजे आधीच्यांनी सांगितलेले पाठ करणे नव्हे. भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना उपदेश केला की, परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. संशोधकाचे कामही हेच आहे. प्रश्न नीट मांडायचा, मोजमाप करायचे, आणि चूक निघाली तर ती कबूल करायची. या दृष्टीने पाहिले तर संशोधन आपल्याला परके नाही.

अभियांत्रिकी व तंत्रज्ञान

या क्षेत्राचे प्रवेशद्वार म्हणजे गेट परीक्षा. भारतीय विज्ञान संस्था आणि आय.आय.टी. मिळून ती दरवर्षी घेतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते. निकालाचे गुण तीन वर्षे चालतात. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना शुल्कात सवलत आहे, तसेच पात्रतेची गुणमर्यादाही कमी आहे. डिप्लोमाच्या मुलांनी निराश होऊ नये. त्यांनी आधी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घ्यावा आणि मग या वाटेला लागावे.

गेट उत्तीर्ण विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम. टेक.ला प्रवेश घेतला तर त्याला दरमहा १२,४०० रुपये, कमाल २४ महिने मिळतात. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जीपॅट ही परीक्षा असून एम. फार्म.ला तेवढेच विद्यावेतन आहे. पुढे पीएच. डी.ला कनिष्ठ संशोधक म्हणून दरमहा ३७,००० व नंतर वरिष्ठ संशोधक म्हणून ४२,००० रुपये हा केंद्राचा दर जानेवारी २०२३ पासून लागू आहे. म्हणजे अनेक कारखान्यांच्या सुरुवातीच्या पगाराहून ही रक्कम अधिक आहे. "शिकत बसला तर कमावणार कधी?" असे विचारणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

स्थळे दूरची नाहीत. आपल्या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग आणि विद्यापीठ परिसरातील इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. जालन्यास मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार २०१८ साली सुरू झाले. नागपूरची व्ही.एन.आय.टी. आणि मुंबईची आय.आय.टी. रेल्वेच्या एका रात्रीवर आहेत.

विषय कोणता घ्यावा? आपल्या जगण्यातलाच घ्यावा. गटारात उतरून गुदमरून मरणारे कामगार कोणत्या समाजाचे असतात, हे आपण जाणतो. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे मरतच आहेत. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारे 'बँडीकूट' नावाचे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. जायकवाडीचे पाणी, कोरडवाहू शेती, झोपडपट्टीतील सांडपाणी हे सारे अशाच अभियंत्यांची वाट पाहत आहेत.

आरोग्य

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहाचा हा मुलगा तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याला सांगितले की, नगराभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. हे उत्तरच त्याची परीक्षा ठरले. स्वतः हिंडून, पाहून, तपासून मग बोलणे ही वैद्यकातील संशोधनाची रीत तेव्हापासूनची आहे.

एम.बी.बी.एस. झालेल्यांना नीट-पीजी परीक्षेतून एम. डी., एम. एस.ला प्रवेश मिळतो. एम्ससारख्या संस्थांसाठी वेगळी परीक्षा असते. आपल्या घाटी रुग्णालयात हे अभ्यासक्रम आहेत. या काळात निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळते आणि प्रबंध लिहावाच लागतो. पण आरोग्य संशोधन डॉक्टरांपुरते मर्यादित आहे, हा समज काढून टाकावा. नर्सिंग, भौतिकोपचार, औषधनिर्माण व जीवशास्त्राच्या पदवीधरांना पुढची दारे उघडी आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत तर आमच्यासारखा कलाशाखेचा पदवीधरही शिकू शकतो.

अभियंता आणि डॉक्टर एकत्र आले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडले. तेथे डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप देशातच तयार झाली आणि १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसविली गेली. परदेशी झडप न परवडणाऱ्या गरिबाला त्यामुळे जीवदान मिळू लागले. गेट परीक्षेतही आता जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा स्वतंत्र विषय आहे. आपल्या विदर्भातील अनुसूचित जाती व आदिवासींच्या कुटुंबांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्राने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्या घरांची भाषा आणि दुःख जाणणारा संशोधक आपल्यातूनच यायला हवा.

शिष्यवृत्त्या

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्याच झाडाच्या या फांद्या आहेत :

१. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप : केंद्राची योजना, दरवर्षी २,००० जागा, नेट परीक्षेच्या गुणांवर निवड.

२. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन फेलोशिप : पुण्याच्या 'बार्टी' संस्थेतर्फे महाराष्ट्रातील पीएच. डी. करणाऱ्यांसाठी. जाहिरात निघाली की मुदत थोडीच असते.

३. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती : केंद्राच्या १२५ जागा, वय ३५ पर्यंत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पदवीला किमान ६० टक्के. शुल्क, निर्वाहभत्ता व विमानप्रवास मिळतो.

४. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती : राज्याच्या ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. अटी बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरात स्वतः शब्दन्‌शब्द वाचावी.

कागदपत्रे आणि कर्ज

आपल्या मुलांची संधी बहुधा गुणांपेक्षा कागदांत अडकते. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. राज्याच्या दाखल्यावर विसंबून राहू नये. दोन्ही दाखले, जात वैधता प्रमाणपत्र, चालू उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि सर्व गुणपत्रिका पदवीच्या तिसऱ्या वर्षीच एका फायलीत लावून ठेवाव्यात. बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले असावे.

कर्ज सर्वांत शेवटी. आधी शिष्यवृत्ती व विद्यावेतनाचा आकडा मांडावा आणि उरेल तेवढेच कर्ज घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेचा आधार आहे. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, मात्र व्याज तोवर चढत असते. शक्य असेल त्याने ते दरमहा भरत जावे, पुढचा भार हलका होतो.

संस्थेला एक सूचना

वर्षातून एकदा सत्कार करून, शाल-पुष्पगुच्छ देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आमची विनंती अशी की, विहारात एक फलक लावावा आणि त्यावर परीक्षांच्या व शिष्यवृत्त्यांच्या तारखा लिहाव्यात. महिन्यातील एका रविवारी वंदनेनंतर तासभर टेबल मांडून बसावे. समाजातील जो मुलगा किंवा जी मुलगी एम. टेक. अथवा पीएच. डी. करीत आहे, त्यांनी धाकट्या भावंडांचे अर्ज भरून द्यावेत. आम्ही बँकेतील मंडळी कर्जाचे कागद तपासून देऊ. यास पैसा लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

१९१७ साली पैशाअभावी अर्धवट राहिलेला अभ्यास बाबासाहेबांनी सहा वर्षांनी पुरा केला. आपल्या वस्तीतील एकाही मुलाचा अभ्यास केवळ माहितीअभावी अर्धवट राहिला, तर तो दोष मुलाचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!