शेळ्यांच्या जंतांवर तेच ते औषध आता पुरे

झड उघडल्यापासून दारव्हा तालुक्यात शेळ्या भराभर खंगत आहेत. जबड्याखाली पाणी उतरते, आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर लालीचा मागमूस नसतो, आत कागदासारखा पांढरेपणा. हगवण नसली की पशुपालक जंतांचा विचारच करत नाहीत. हा हिमोंकस आहे, चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त घेतो. हजार जंत म्हणजे रोजचे 50 मिली. मादी दिवसाला 5,000 वर अंडी घालते आणि ओल्या उबेत आठवडाभरात अळ्या गवताच्या पात्यावर चढतात.

"औषध पाजले, पण गुण नाही" ही तक्रार रोज ऐकतो. पाजले ते कसे? बाटलीच्या झाकणाने, अंदाजाने, पाटीला आणि बोकडाला सारखेच! शेळीच्या अंगातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जाते, म्हणून तिला मात्रा जास्त लागते. अल्बेंडाझोल किलोला 10 मिलीग्रॅम धरा. 20 किलोच्या शेळीला 200 मिलीग्रॅम, म्हणजे अडीच टक्क्यांच्या औषधाचे 8 मिली. चार-पाच मिलीत कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. ताणकाट्यावर वजन करायला किती वेळ लागतो?

एका कळपात दर महिन्याला हेच औषध चालले होते. मेलेल्या पाटीचे पोट उघडले, तर अस्तरावर लाल-पांढऱ्या पिळाचे जंत वळवळत होते, आणि डोस होऊन आठच दिवस झाले होते. मालकाने मधे कंपनी बदलली होती, पण अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेणे म्हणजे त्याच गटात फिरणे. लेंड्या तपासून वेगळ्या गटाचे औषध दिले, तेव्हा कळप सावरला.

मोरचूद आणि तंबाखूचे पाणी पाजणे ताबडतोब बंद करा. त्याने जनावर विषबाधेने मरू शकते. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

कळप सरसकट पाजू नका. पापणी फिकट, जबडा सुजलेला, अंग उतरलेले अशाच शेळ्या निवडा. दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका. औषधाआधी आणि नंतर दोन आठवड्यांनी ताज्या लेंड्या पिशवीत घालून सकाळीच पशुवैद्यकीय दवाखान्यात आणा. अंड्यांची संख्या 95 टक्क्यांनी घटली नसेल, तर ते औषध तुमच्या कळपात निकामी झाले आहे.