पाथर्डी फाट्यावरचं नवं बिऱ्हाड

घोटी, ता. इगतपुरी

चि. सौ. मेघा हिस,


फ्लॅटच्या किल्ल्या हातात आल्याचं ताईकडून कळलं. घोटीहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की विल्होळी, मग पांडवलेणी आणि लगेच पाथर्डी फाटा. जेमतेम तासाभराचा रस्ता, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की पोर काही परक्या मुलखात गेलेली नाही. राहणीत मात्र बराच फरक पडतो. घोटीच्या पेठेत मुलगी दिसली की म्हातारी माणसं विचारतात, 'कुणाची गं तू?' वडिलांचं नाव सांगितलं की भात गिरणी, चुलत्याचं दुकान, आजोळ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. सोसायटीत नवं बिऱ्हाड पहिले काही महिने नुसतं 'तीनशे चार' असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. गावात ओळख जन्मासोबत मिळते, शहरातल्या वस्तीत ती कामातून करावी लागते. ही कामं कोणती, हे नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही.

पहिलं काम पाण्याचं. नाशिक गंगापूर धरणाचं पाणी पितं हे सर्वांना ठाऊक असतं. पण पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको या बाजूला मुकणे धरणाचंही पाणी येतं, विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन. मुकणे धरण आपल्या इगतपुरी तालुक्यातलं. याच तालुक्यातून ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि १९१६ साली पुरं झालेल्या दारणा धरणाचं पाणी नांदूरमध्यमेश्वराच्या कालव्यांनी पार कोपरगाव-राहात्याच्या शेतांपर्यंत पोहोचतं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे उजाडला की तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. शहरातल्या नळाला तोंड लावणाऱ्याला हे दिसत नाही. घोटीच्या मुलीला ते दिसलं पाहिजे.

इमारतीत पाण्याचा प्रवास असा चालतो. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येतं, मोटार ते गच्चीवरच्या टाक्यांत चढवते आणि तिथून ते प्रत्येक घरात उतरतं. मोटार चालू कोण करतं, बंद कोण करतं, बटणाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि गच्चीवरचा फ्लोट व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला, या चार गोष्टी नव्या बिऱ्हाडाने पहिल्या आठवड्यातच विचारून घ्याव्यात. फ्लोट अडकला की टाकी भरून वाहते. पाणी गच्चीभर पसरतं, पाइपातून धो धो खाली पडतं, आणि चाळीस घरांतली माणसं आवाज ऐकून 'कुणीतरी बंद करेल' म्हणत बसून राहतात. जो उठून मोटार बंद करतो, त्याला इमारत नावाने ओळखू लागते. जावईबापूंना शिफ्ट असते, पण घरी असतील तेव्हा हे काम त्यांनी आपलं मानावं.

कचऱ्याचंही तसंच. घंटागाडीची वेळ आणि दोघांच्या नोकरीची वेळ जुळणार नाही. डबा कुणी बाहेर ठेवायचा, कुणी आत आणायचा, हे समोरच्या दाराशी बोलून ठरवावं. ओला-सुका वेगळा करणं नियमांनी बंधनकारकच आहे. जिना झाडायला येणाऱ्या ताईंचं नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं आणि नावानेच हाक मारावी.

शेजार कसा तयार होतो, हे बघायला फाट्यावरून लांब जावं लागत नाही. सिडको ही सरकारी कंपनी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली ती मुख्यतः नवी मुंबई वसवण्यासाठी. नाशिकमध्ये तिने सहा योजनांत घरं बांधली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना परवडावीत अशी ती छोटी घरं होती, रांगेने, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, त्रिमूर्ती चौक या वस्त्या त्यातूनच उभ्या राहिल्या. मोठ्या संख्येने माणसं आली ती जळगाव, धुळे, नंदुरबारकडून. भाऊबंद मागे राहिले, सोबत अहिराणी आली आणि कानबाई आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी या घरांत कानबाईची स्थापना होते, रात्र जागवली जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. गावाकडे हा भाऊबंदकीचा सण. सिडकोत मिरवणूक गल्लीतून निघते तेव्हा सिन्नरची, निफाडची, विदर्भातली माणसंही दारात उभी राहतात, आणि पन्नाशीतला मराठवाड्याचा शेजारी डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईला गर्दीतून वाट करून देतो. अशा गल्लीत कोण कुठल्या गावचं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण प्रत्येकाने आपलं गाव सोबत आणून सर्वांसमोर मांडलं. घोटीकरांनीही आपला बैल-पोळा, आपला इंद्रायणीचा भात, आपली पावसाची बोलणी लपवून ठेवू नयेत.

एकाच शहरात दर वस्तीचं शहाणपण वेगळं असतं. गोदाकाठच्या जुन्या नाशिकात पुराची खबर दुतोंड्या मारुतीवरून कळते. पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, या हिशेबाने सराफ बाजार, भांडी बाजार इथले दुकानदार माल वर हलवतात. सप्टेंबर २००८ च्या आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरातही नजरा त्या मूर्तीवरच होत्या. हे ज्ञान कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं, ते जुन्या दुकानदाराच्या तोंडी असतं. पाथर्डी फाट्याची वस्ती नवी आहे, तरी दहा-पंधरा वर्षं राहिलेली माणसं तिथेही आहेत. पावसात पाणी कुठे तुंबतं, रात्री रिक्षा कुठून मिळते, महामार्ग ओलांडताना कुठे जपावं, हे त्यांना विचारावं. विचारल्याने माणूस लहान होत नाही आणि सांगणाऱ्यालाही बरं वाटतं.

आता सोसायटीचं. या गोष्टीची सुरुवात मराठी माणसाच्या अगदी जवळची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कानडा मुलखातून मुंबईत आलेली चित्रापूर सारस्वत कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहत होती. भाडी चढती, जागा कोंदट आणि प्लेगच्या आठवणी ताज्या. श्रीपाद सुब्राव तालमकी या त्यांच्यातल्या वकिलाने लोकांना पटवलं की एकेकट्याला जे जमत नाही ते सगळ्यांनी मिळून सहकाराने करावं. १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली. भारतातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांत तिचं नाव घेतलं जातं. आज नोटीस बोर्डावर देखभाल खर्चाचा कागद लावणारी प्रत्येक सोसायटी त्या प्रयोगाची वारस आहे, आणि त्यामुळे 'सोसायटीवाले' हे कुणी परके लोक नसतात. सभासद म्हणजेच सोसायटी. महिन्याचं बिल भरून दार लावून घेणाऱ्यांची संख्या वाढली की कारभार दोघा-तिघांच्या हाती जातो, मग तेच थकतात किंवा मुजोर होतात. दोन्हींचा त्रास सगळ्यांना होतो.

म्हणून थोडा कायदा माहीत असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस पुरे चौदा दिवस आधी मिळायला हवी. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवी. पुढे गळती निघाली, लिफ्ट बदलायची वेळ आली की हाच पैसा उपयोगी पडतो. 'देखभाल खर्च कमी करा' अशी सभेत हाक उठते तेव्हा हे दोन निधी तर कापले जात नाहीत ना, हे बघावं. आणि सर्वांत महत्त्वाचं अभिहस्तांतरण. १९६३ च्या मोफा या सदनिका मालकी कायद्याप्रमाणे बिल्डरने जमिनीची आणि इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. कितीतरी इमारतींत ते वर्षानुवर्षं होत नाही. फ्लॅट आपला आणि खालची जमीन अजून कागदोपत्री दुसऱ्याची, असा प्रकार राहतो. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची वाट आहे: बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तुमच्या सोसायटीत हे झालंय का, हा प्रश्न नव्या सभासदाने पहिल्याच सभेत विचारावा. शांतपणे विचारावा, पण उत्तर मिळेपर्यंत सोडू नये.

आवाजावरून भांडण हमखास होतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी. नियम असा आहे. पण वरच्या मजल्यावर रात्री साडेदहाला खुर्ची सरकली, पोरं धावली, म्हणून नियम काढून बसू नये. आधी वर जाऊन, चहा घेऊन, सांगावं. लेखी तक्रार शेवटची, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव घेऊन तक्रार कधीच नाही. समोरासमोर दोन मिनिटांत मिटणारी गोष्ट तिथे चाळीस जणांसमोर होते आणि मग कुणालाच मागे येता येत नाही.

मुंबईच्या बीडीडी चाळींचं उदाहरण इथे आठवतं. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीत या चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालयं मजल्यावर सामायिक. अशा जागेत तीन-तीन पिढ्या वाढल्या. हालांचं कौतुक करण्यात अर्थ नाही, सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बाईला विचारलं तर ती तेच सांगेल. पण दारासमोरच्या गॅलरीतून प्रत्येकाला जावं लागे, त्यामुळे कोण आजारी, कुणाचा मुलगा अजून घरी आला नाही, हे न विचारता कळे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हक्काचं, स्वतंत्र न्हाणीघर असलेलं घर मिळालं याचा आनंदच आहे. जुनी गॅलरी मात्र गेली, आणि तिचं काम आता माणसांना आपणहून करावं लागणार. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट हीच आहे. आठवड्यातून एकदा लिफ्ट सोडून जिन्याने उतरलं तरी चार दारं उघडी दिसतात.

जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर एक पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर त्या राहत. त्यांचं निरीक्षण असं की रस्ता पोलिसांमुळे जेवढा सुरक्षित राहतो त्याहून जास्त दुकानदार, खिडकीतली माणसं, ये-जा करणारे यांच्या नजरेमुळे राहतो. एकदा एक माणूस लहान मुलीला ओढून नेतोय असं वाटलं, तर त्या वरून बघतच होत्या, तोवर खाटकाच्या दुकानातून, फळवाल्याकडून, लॉन्ड्रीतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. तो तिचा बापच निघाला. घराची किल्ली पाहुण्यासाठी ठेवायची तर लोक कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवत. तुमच्या इमारतीखाली किराणावाला असेल, इस्त्रीवाला असेल, सकाळी पोह्यांची गाडी लागत असेल. सगळी खरेदी मोबाइलवरून दहा मिनिटांत मागवली तर यांच्याशी बोलायचं कारणच उरत नाही. महिन्याचं निम्मं सामान तरी खालून घ्यावं. रात्री उशिरा परतणाऱ्या बाईला उघड्या दुकानाचा दिवा आणि त्यातला ओळखीचा माणूस फार मोठा आधार असतो. ही भावनेची गोष्ट नाही, रोजच्या सुरक्षिततेची आहे.

दोन कागद राहू देऊ नका. भाग दाखला दोघांच्या नावावर झाला का ते बघा, आणि नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरून सेक्रेटरींची पोच घ्या. पुढे कधी बदलीमुळे घर भाड्याने द्यायची वेळ आली तर करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकाची असते, आणि सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कुणी जास्त मागितलं तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाची आठवण करून द्या.

ताई आणि दाजी पुढच्या आठवड्यात तिकडे येतायत. दाजींचा सगळा जन्म दुकानाच्या गादीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात गेला. दिवसभर बंद दाराआड ते आजारी पडतील. आले त्याच संध्याकाळी त्यांना खाली घेऊन जा, वॉचमनशी, इस्त्रीवाल्याशी आणि बाकावर बसणाऱ्या मंडळींशी गाठ घालून दे. तांदळाचं पोतं त्यांच्यासोबत पाठवतोय. त्यातला थोडा समोरच्या दारी दे.

तुझा,
मामा