नोकरांबरोबर अर्धा तास खेळ : दुकानदारीचा एक धडा

व्यापारी बंधूंनो, दुकानात ‘खेळ’ हा शब्द ऐकताच आपल्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडत असे. पण एका नुकसानीने मला शहाणे केले.

आमच्या कापडाच्या दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाने १०० वार पॉपलीन मागितले. काउंटरवरच्या मुलाने १०० मीटर मोजून दिले आणि बिल १०० वारांचे केले. १०० वार म्हणजे ९१.४४ मीटर. साडेआठ मीटर कापड फुकट गेले. त्याचे दुःख फारसे नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाला चूक दिसली होती, पण ‘मध्ये बोललो तर शेठ ओरडतील’ म्हणून तो गप्प बसला, हे मनाला लागले. जिथे नोकर बोलायला घाबरतो, तिथे मालकाला आपले नुकसान सर्वांत शेवटी कळते.

म्हणून दर गुरुवारी जेवणानंतर अर्धा तास प्रश्नांचा खेळ सुरू केला. अमीन सयानींची रेडिओवरची प्रश्नमंजुषा ऐकत आमची पिढी मोठी झाली, तेव्हा रीत ठाऊक होती. तरी पहिल्याच दिवशी चुकलो. प्रश्न कागदावर लिहून वाटले. गोदामातले सर्वांत जुने हमालचाचा पाणी प्यायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. त्यांना वाचता येत नाही हे मला २० वर्षांपासून माहीत होते. त्या दिवशी ध्यानात राहिले नाही. संध्याकाळी त्यांची माफी मागितली आणि खेळाचे नियम बदलले. ते असे :

१) सर्व प्रश्न तोंडी असावेत. निदान निम्मे प्रश्न हाताने आणि डोळ्याने सोडवायचे असावेत. डोळे बांधून पाच तुकडे हातात द्यावेत आणि सुती कोणते, मिश्र कोणते ते ओळखायला सांगावे. नंतर मालकाने स्वतः, पाण्याची थाळी खाली ठेवून, गोदामापासून दूर दोन धागे जाळून दाखवावेत. सूत कागदासारखे जळते व मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

२) एका गटात काउंटरचा, गोदामाचा आणि हिशेबाचा असा एकेक माणूस घ्यावा. मुनीमजी एका बाजूला आणि हमाल दुसऱ्या बाजूला, असे करू नये.

३) प्रश्न धंद्याचे असावेत. ४० काउंट आणि ६० काउंट यांत बारीक सूत कोणते? (६०. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितके सूत बारीक.) रीड म्हणजे काय, पीक म्हणजे काय? (इंचात उभे धागे किती आणि आडवे किती.) बिलावर सुती कापडाचा एचएसएन क्रमांक कोणत्या आकड्याने सुरू होतो? (५२.)

४) चुकलेल्या उत्तरावर कोणी हसू नये. मालकानेही उत्तरे द्यावीत आणि चुकल्यास उघडपणे कबूल करावे.

५) सर्वांकडून पैसे गोळा करून जिंकणाऱ्याला देऊ नयेत. तो जुगार झाला, आणि जुगार आपल्याकडे हराम आहे. बक्षीस मालकाच्या खिशातून, छोटेसे आणि सर्वांना वाटून खाता येईल असे असावे.

६) खेळ कामाच्या वेळेतच घ्यावा. दुकान बंद झाल्यावर थांबवून ठेवले तर ती करमणूक राहत नाही, बिगारी होते.

हमालचाचांनी डोळे बांधून पाचही तुकडे ओळखले. मुले थक्क झाली. पुढच्या गुरुवारपासून कापड ओळखण्याचे प्रश्न तेच विचारू लागले, आणि मुले माल आला की आधी त्यांना दाखवू लागली.

काही महिन्यांनी मी स्वतः एका बिलात भाव चुकीचा लिहिला. पूर्वी गप्प बसलेला तोच मुलगा गिऱ्हाइकासमोर हळूच म्हणाला, “शेठ, जरा एकदा बघून घ्या.”

अर्ध्या तासाची कमाई ती हीच.