संगणकाच्या घड्याळाची घरे केव्हा वाढवावीत?

तुमच्यापैकी जे बावधनला राहतात त्यांना चांदणी चौकातला जुना अरुंद पूल आठवत असेल. तेथे महामार्गावरची वाहतूक नेहमी तुंबत असे. १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तो स्फोटकांनी पाडण्यात आला. ती रात्र आधीच जाहीर झाली होती. महामार्ग बंद ठेवून वाहने दुसऱ्या रस्त्यांनी वळवली होती. पूल गैरसोयीचा होता हे सर्वांना मान्य होते. पण म्हणून भर दुपारी, वरून गाड्या जात असताना, कोणी त्याला हात लावला नाही.

संगणकातही असे पूल असतात. एखाद्या आज्ञावलीला वेळ हवी असेल तर ती स्वतः घड्याळ पाहत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते. कोणत्या नावाने विचारायचे, आणि उत्तर किती जागेत व कोणत्या स्वरूपात मिळायचे, हे आधी ठरलेले असते. या ठरावाला प्रोग्रॅमिंग इंटरफेस म्हणतात.

युनिक्स व तिच्या वळणावर बांधलेल्या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या ठरावानुसार या आकड्याला ३२ बिटांची, म्हणजे चार बाइटची जागा होती. तीत मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तो आकडा गाठला जाईल. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होईल आणि अशा यंत्राला १९०१ चा डिसेंबर महिना दिसू लागेल! ६४ बिटांच्या संगणकांवर लिनक्स आधीपासूनच आठ बाइट वापरते. प्रश्न आहे तो ३२ बिटांच्या जुन्या व लहान यंत्रांचा.

मग चाराचे आठ बाइट करून टाकावेत, त्यात काय मोठेसे? येथेच खरी मेख आहे. समजा, एका नोंदीत पहिल्या चार बाइटमध्ये वेळ आणि पुढच्या चारांत गुण लिहिलेले आहेत. वेळेची जागा आठ बाइट केली की गुण पुढे सरकतात. पूर्वी तयार झालेल्या आज्ञावलीला हे कोण सांगणार? ती पाचव्या बाइटपासून गुण वाचायला जाते आणि वेळेचाच उरलेला तुकडा गुण म्हणून उचलते. ती थांबत नाही, तक्रार करीत नाही. चुकीचे उत्तर मात्र देते. माझ्या मते बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक घातक.

म्हणून ज्या आवृत्तीला 'स्थिर' म्हटले जाते तिच्यात असा बदल करीत नाहीत. आतली चूक दुरुस्त करावी, सुरक्षेचे भोक बुजवावे. जुन्याला धक्का न लावता शेजारी नवे दार उघडावे. लिनक्सने हेच केले. मे २०१९ मधील ५.१ या आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठी आठ बाइटची वेळ देणाऱ्या नव्या हाका आल्या, आणि जुन्याही राहिल्या.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली होती. तिच्यात हा बदल मध्येच घुसडला नाही. तो पुढच्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीसाठी राखला आणि एआरएम जातीच्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी हजारो आज्ञावली नव्याने बांधल्या. ज्या लायब्रऱ्यांचा ठराव बदलला त्यांच्या पॅकेजच्या नावाला 'टी६४' ही खूण जोडली, म्हणजे जुनी आज्ञावली चुकून नव्या लायब्ररीच्या गळ्यात पडू नये.

गंमत अशी, की इंटेल जातीच्या जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी डेबियनने चार बाइटच ठेवले. कारण तो भाग आता मुख्यतः जुन्या तयार आज्ञावली चालवण्यासाठीच उरला आहे. ठराव बदलला तर नेमक्या त्याच बंद पडतील. पूल पाडायचा नाही असेही कधी ठरवावे लागते. त्या आज्ञावलींना २०३८ पूर्वी दुसरे घर शोधावे लागेल, हे उघड आहे.

वर दिलेली तारीख तुम्ही स्वतः पडताळून पाहा. २१४७४८३६४७ ला ८६४०० ने भागा. भागाकार २४८५५ दिवस येईल आणि बाकी ११६४७ सेकंद. बाकीचे तास, मिनिटे, सेकंद करा, त्यात भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. दिवस मोजताना १९७० पासूनची लीप वर्षे विसरू नका. १९७२ ते २०३६ पर्यंत ती १७ भरतात.